चौसष्ट ओळींचा तक्ता

तक्त्यात चौसष्ट ओळी होत्या. मी मोजल्या, कारण सभा दोन तास चालली आणि पहिल्या वीस मिनिटांनंतर दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. भिंतीवर एक्सेल, डावीकडे ‘आवश्यकता’, वर पाच उत्पादनांची नावं, मधे हिरव्या-तांबड्या टिकल्या. विषय : ‘संपूर्ण नेटवर्कसाठी डीएनएस सर्व्हरचे एकच सॉफ्टवेअर निश्चित करणे.’ ‘एकच’ खाली रेघ मारलेली. ओळ १७ : वापरण्यास सोपे असावे. ओळ ४१ : डॅशबोर्ड आकर्षक असावा. ओळ ५२ : भविष्यसज्ज असावे. हा भविष्यसज्ज शब्द ज्यानं मराठीत आणला त्याला माझ्या ऑन-कॉलच्या पाळीवर आठवडाभर बसवायला हवं.

चौसष्टपैकी एकाही ओळीत हा सर्व्हर नेमकं काय करणार आहे, हे विचारलेलं नव्हतं. पत्रिका छापायला गेल्या होत्या, लग्न कोणाचं ते ठरायचं होतं.

ज्यांना हे अतिशयोक्त वाटतं त्यांच्यासाठी सांगतो. डीएनएस सर्व्हर म्हणून आपण ज्याला एका नावानं हाक मारतो ती दोन कामं आहेत, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध तलाठी आणि बातमीदार यांच्याइतकाच. पहिलं काम तलाठ्याचं. आपल्या सज्जातल्या नावांचं दप्तर त्याच्याकडे, तो सांगेल ते अधिकृत, आणि शेजारच्या गावाचं विचारलंत तर ‘मला काय माहीत’ हेच योग्य उत्तर. याला अथॉरिटेटिव्ह म्हणतात. दुसरं काम बातमीदाराचं. ऑफिसातल्या कुणीही कुठलंही नाव विचारलं की त्यानं रूटपासून सुरुवात करून दारोदार हिंडायचं, उत्तर आणायचं आणि टीटीएल, म्हणजे उत्तराची मुदत, संपेपर्यंत गाठीशी बांधून ठेवायचं. हा रिझॉल्व्हर. एक माणूस दोन्ही करू शकतो का? करू शकतो. त्यातून काय होतं ते आम्ही भोगलं आहे. ग्रुपमधली एक छोटी कंपनी विकली गेली, तिचं डोमेन नव्या मालकाकडे गेलं, साऱ्या दुनियेला नवी वेबसाइट दिसायला लागली. आमच्या इमारतीत मात्र सहा आठवडे जुनीच दिसत होती. कारण आमचा एकत्र संसारी सर्व्हर बाहेर विचारायलाच जात नव्हता. त्याच्या दप्तरात त्या डोमेनची जुनी झोन फाइल पडून होती आणि स्वतःला तो अजून तलाठीच समजत होता. बदली झाली तरी खुर्ची न सोडणारा.

ही एकत्र कुटुंबपद्धती आली बाइंडमुळे. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची कल्पना कागदावर मांडली, १९८४ मध्ये बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी युनिक्ससाठी बाइंड लिहिलं, आणि तेव्हाच्या इवल्याशा जाळ्यात दोन्ही कामं एका प्रोग्रामनं करणं अगदी सयुक्तिक होतं. पुढे कोऱ्या कागदावर लिहायला बसलेल्या बहुतेकांनी काय केलं पाहा. ॲमस्टरडॅमच्या एनएलनेट लॅब्जनं तलाठ्यासाठी एनएसडी लिहिलं आणि बातमीदारासाठी वेगळं अनबाउंड. चेक लोकांच्या सीझेड डॉट निकनं नॉट डीएनएस वेगळं ठेवलं, नॉट रिझॉल्व्हर वेगळं. पॉवरडीएनएसचेही दोन भाग. डॅनियल बर्नस्टाईन यांनी तर त्याही आधी, शतक उलटायच्या सुमाराला, हा मुद्दा जवळजवळ भांडून मांडला होता. (प्रत्येक सभेत एक जण असतो जो अजून बर्नस्टाईन यांचं डीजेबीडीएनएसच घ्या म्हणतो. त्याला नम्रपणे सांगावं की शेवटची आवृत्ती २००१ ची आहे, तिला डीएनएससेक ठाऊक नाही, आणि सुरक्षेतली चूक दाखवणाऱ्याला जाहीर केलेलं हजार डॉलरांचं बक्षीस २००९ मध्ये देऊनही झालं.)

एवढं सगळं सांगायला मी हात वर केला. साहेब म्हणाले, “अरे, तू उगाच गुंता करतोस. आपल्याला इंडस्ट्री स्टँडर्ड घ्यायचंय.”

इंडस्ट्री स्टँडर्ड दुसऱ्याच दिवशी डेमोला आलं. दोन युनिट उंचीचा काळा डबा, पुढं निळा दिवा, आणि सोबत टाय लावलेला मुलगा, जो ‘आमचं स्वतःचं प्रोप्रायटरी इंजिन’ हे शब्द देवाचं नाव घ्यावं तसे घेत होता. मी लॅपटॉप जोडला आणि डब्याला एक जुना प्रश्न विचारला. डिग कमांडनं ‘केऑस’ वर्गात ‘व्हर्जन डॉट बाइंड’ विचारायचं. केऑस म्हणजे गोंधळ नव्हे, एमआयटीत केऑसनेट नावाचं जाळं होतं त्याची ही आठवण. पण त्या दिवशी दोन्ही अर्थ लागू पडले. प्रोप्रायटरी इंजिननं निमूटपणे बाइंड नऊचा आवृत्तीक्रमांक सांगितला, तोही शिळा. टायवाल्या मुलानं सगळ्यांना चहा मागवला.

आता गैरसमज नको. बाइंड वाईट आहे असं मी मेलो तरी म्हणणार नाही; अर्धं आयुष्य त्याच्यावर पोट भरलं आहे. डबाही सगळाच भंपक नसतो. आयपी पत्ते, डीएचसीपी आणि डीएनएस हे तिन्ही एका ठिकाणी दिसण्याची सोय खरोखर कामाची आहे, आणि ती हवी असेल तर तीच विकत घेतोय असं कागदावर लिहावं. पण बाइंड सांभाळणाऱ्या आयएससीनं सकाळी त्यातली चूक जाहीर केली की फुकटवाला दुपारी पॅच मारून मोकळा होतो, आणि डबेवाला वाट बघत बसतो की डब्याची कंपनी तोच पॅच आपल्या वेष्टनात गुंडाळून केव्हा पाठवते. मधल्या दिवसांत निळा दिवा छान लुकलुकत असतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा हे आपण ऐकलंय. इथं वाळा खरा सोन्याचा आहे, फक्त तो सोनूबाईनं बनवलेला नाही आणि तुटला तर तिला सांधता येत नाही.

या खरेदीत असते ती एका मानेची खरेदी. उद्या बिघडलं तर पकडायला मान हवी, आणि फुकटच्या सॉफ्टवेअरला मान नसते. खरेदी विभागाची ही भीती मला समजते. पण मग तक्त्यात पहिल्या ओळीत लिहा ना, ‘दोष देण्यास योग्य पत्ता असावा’. ते सोडून कार्यक्षमतेच्या गप्पा. एका उत्पादनानं सेकंदाला लाखो प्रश्नांची उत्तरं देऊन दाखवली म्हणून त्याला तीन हिरव्या टिकल्या मिळाल्या. आमच्याकडे भर सोमवारी सकाळी दहा वाजताही काही हजारांच्या वर आकडा जात नाही. लोणावळ्याला जायला विमान. शिवाय तो आकडा त्यांच्या प्रयोगशाळेतल्या प्रश्नांवरचा. डीएनएसपर्फ नावाचं हत्यार फुकट मिळतं, त्याला आपल्याच नेटवर्कचे कालचे प्रश्न खाऊ घाला आणि मग बोला, असं मी सुचवलं. इतिवृत्तात त्याची नोंद ‘काही तांत्रिक सूचना आल्या’ अशी आहे.

आणि आता तो अधोरेखित ‘एकच’.

सल्लागारांना एकच फार आवडतं. एकच प्रशिक्षण, एकच करार, एकच पडदा. त्यांना कुणीतरी २८ जुलै २०१५ ची गोष्ट सांगायला हवी. बाइंडमध्ये टीकी नावाच्या एका क्वचित वापरल्या जाणाऱ्या प्रकाराच्या हाताळणीत चूक सापडली. एक पॅकेट, फक्त एक, आणि सर्व्हर बसला. तलाठी असो वा बातमीदार, दोन्ही. कॉन्फिगरेशनमध्ये काही बदलून वाचायची सोय नव्हती. बाइंडचा स्वभाव असा आहे की आत काही विसंगत दिसलं तर चुकीचं उत्तर देण्यापेक्षा तो स्वतःच प्राण सोडतो. मला हा स्वभाव आवडतो. पण तुमचा प्रायमरी बाइंड, सेकंडरी बाइंड, डीआर साइटवरचा तिसराही बाइंड, तर ते तीन सर्व्हर नाहीत, तीन ठिकाणी ठेवलेला एकच सर्व्हर आहे. जुळ्यांना एकच गोवर होतो. विंडोजवाल्यांनी हसू नये: जुलै २०२० मध्ये चेक पॉइंटच्या संशोधकांनी मायक्रोसॉफ्टच्या डीएनएस सर्व्हरमधली सिगरेड ही चूक उघड केली, तीव्रता दहापैकी दहा, आणि ती त्या कोडमध्ये सतरा वर्षं सुखानं नांदत होती.

रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना हे फार पूर्वी कळलं. तोवर रूटवर बाइंडचंच राज्य होतं. राइप एनसीसीनं २००३ मध्ये आपला के रूट मुद्दाम एनएसडीवर नेला, का, तर सगळी अंडी एका टोपलीत नकोत. जगाचं मूळ सांभाळणारे दोन-तीन वंशांची सॉफ्टवेअर शेजारी शेजारी चालवतात, आणि हिंजवडीतल्या आमच्या सल्लागाराला मात्र त्यानं ‘गुंतागुंत वाढते’.

प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या या युक्तिवादालाही एक भोक आहे, आणि ते सभेत कुणी दाखवलं असतं तर मी त्याला मिसळ खिलवली असती. फेब्रुवारी २०२४ मध्ये कीट्रॅप बाहेर आलं. डीएनएससेकच्या सह्या तपासताना एका पॅकेटनं रिझॉल्व्हरला इतकं गणित करायला लावायचं की तो बाकी सगळं विसरेल. त्यात बाइंड, अनबाउंड, पॉवरडीएनएस, नॉट, झाडून सारे अडकले. कारण चूक कुणा एकाच्या कोडमध्ये नव्हती, सगळ्यांनी इमानेइतबारे पाळलेल्या नियमावलीतच होती. तेव्हा वेगळे वंश ठेवले म्हणून अमरपट्टा मिळत नाही. पण कुणी ते भोक दाखवलंच नाही. त्यांची चर्चा डॅशबोर्डच्या रंगावर होती.

बरं, सर्व्हर मेला तर दुसरा आहे ना, ही समजूत तर डोक्यातून खरवडून काढायला हवी. लिनक्सच्या मशिनमध्ये दोन रिझॉल्व्हरांचे पत्ते लिहिलेले असतात. पहिला गेला की मशीन मुळात पाच सेकंद त्याची वाट बघतं, मग दुसऱ्याकडे जातं. पुढच्या नावाला पुन्हा पहिल्याकडेच, पुन्हा पाच सेकंद. एका पानासाठी डझनभर नावं लागतात. म्हणून डीएनएस पडल्यावर कुणी ‘डीएनएस पडलं’ असा फोन करत नाही. फोन येतो ‘नेट स्लो आहे’. मग नेटवर्कवाले लिंक तपासतात, लिंकवाले बिल तपासतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. याला औषध आहे: एकच पत्ता दोन-तीन ठिकाणांहून जाहीर करणारं एनीकास्ट, किंवा पुढे डीएनएसडिस्ट उभं करून मागे वेगवेगळे रिझॉल्व्हर. मागे बाइंड आहे की अनबाउंड, हे मग वापरणाऱ्याला मरेपर्यंत कळत नाही. चौसष्ट ओळींत एनीकास्ट हा शब्द नव्हता.

पाच उत्पादनांवरून भांडणाऱ्यांनी एकदा गाजलेले अपघातही काढून बघावेत. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास गायब झालं. देखभालीच्या एका आज्ञेनं त्यांचा कणाच तुटला, आणि डेटा सेंटर दिसेना म्हणून त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी स्वतःचे मार्गच मागे घेतले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या विभागात डायनॅमोडीबीचा पत्ताच रिकामा झाला. नावांची नोंद लिहिणारी दोन स्वयंचलित कामं एकमेकांच्या पायात आली. आणि माझा लाडका, १२ ऑक्टोबर २००९, स्वीडन. नेहमीची झोन फाइल बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये नावांच्या शेवटचं टिंब राहून गेलं. झोन फाइलमध्ये शेवटचं टिंब नसेल तर सर्व्हर त्या नावापुढे आपल्या डोमेनचं शेपूट जोडतो. अख्ख्या देशाच्या नावांना आणखी एकदा ‘डॉट एसई’ चिकटलं आणि डॉट एसई झोपलं. तिन्ही ठिकाणी सर्व्हर सॉफ्टवेअरनं सांगितलं तेच केलं.

टिंबाचं निघालंच आहे तर आमच्या क्लाउडवाल्या पोरांचंही सांगतो. ‘डीएनएस हळू आहे, मोठा बॉक्स घ्या’ अशी त्यांची तक्रार तक्त्याच्या ओळ ८ मध्ये अजरामर झाली आहे. कुबरनेटीसमध्ये नेमून दिलेला नियम असा की नावात पाचाहून कमी टिंबं असतील तर आधी घरची शेपटं लावून बघायचं. तीन शेपटं, मग मूळ नाव, प्रत्येकाचा जुना (आयपीव्ही४) आणि नवा (आयपीव्ही६) असे दोन पत्ते: एका साध्या बाहेरच्या नावासाठी आठ प्रश्न. मशीनकडून वारसाहक्कानं कंपनीचं शेपूट आलं असेल तर दहा. त्यांच्यापैकी एका मुलीला मी शेजारी बसवलं, लॉगमध्ये ती नकारांची रांग दाखवली आणि म्हटलं, “कॉन्फिगमध्ये पत्त्याच्या शेवटी एक टिंब दे.” तिनं दिलं. आठाचे दोन झाले. “सर, एवढंच?” म्हणाली. एवढंच, बाई. ओळ ८ तरी तक्त्यातून कुणी काढली नाही, कारण तक्ता गोठवला होता.

दुसऱ्यांची एवढी काढली, आता माझी. झोन फाइलच्या माथ्यावर सिरीयल नंबर असतो. आम्ही तो तारखेवरून लिहितो. जून २०२३ मध्ये एका संध्याकाळी मला २०२३०६१४०२ लिहायचं होतं, मी २०३२०६१४०२ लिहिलं. दोन आकड्यांची अदलाबदल, घरी जायची घाई. सेकंडरींनी आज्ञाधारकपणे फाइल उचलली. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यानं पगाराच्या पोर्टलचा पत्ता बदलला आणि सिरीयल नीट लिहिला, २०२३०६१५०१. सेकंडरी म्हणाले, आमच्याकडे २०३२ सालचं आहे, तुझं शिळं. झालं. प्रायमरीला विचारणाऱ्यांना नवा पत्ता, सेकंडरीला विचारणाऱ्यांना जुना; अर्ध्या कंपनीला पगाराची चिठ्ठी दिसते, अर्ध्या कंपनीला नाही, आणि दिसणारे आणि न दिसणारे एकाच बाकावर. चार तास आम्ही लोड बॅलन्सरला शिव्या दिल्या. शेवटी आमच्यातल्या एका जुन्या काकांनी, ज्यांच्या निवृत्तीला तेव्हा तीन महिने उरले होते, चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “सिरीयल वाचलास का रे?” सेकंडरींना झोन पुन्हा ओढायला लावणं दोन मिनिटांचं काम होतं.

पॉवरडीएनएस डेटाबेसवर चालवलं आणि नक्कल डेटाबेसनंच केली तर सिरीयलची ही कटकट जाते, हे खरं. त्या बदल्यात डेटाबेस पडला की नावंही पडतात. आणि मी एक जागा अशी पाहिली आहे जिथं डीएनएसच्या कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा पत्ता नावानं लिहिला होता, आणि ते नाव त्याच डीएनएसमध्ये होतं. वीज जाऊन आली त्या रात्री दोघं एकमेकांना ‘आधी तू’ म्हणत उभे.

“मग तू काय घेतलं असतंस?” साहेबांनी तिसऱ्या सभेत वैतागून विचारलं, तेव्हा मी सांगितलं ते असं. दप्तर ठेवणारा प्रायमरी लपवून ठेवायचा, त्याला बाहेरचं कुणी विचारू शकणार नाही असा. तो बाइंड, कारण आमच्या घरात त्याची भाषा वाचणारे लोक आहेत, दुसरं कारण नाही. बाहेर उत्तरं देणारे दोन, एक एनएसडी आणि एक नॉट. एनएसडीला डायनॅमिक अपडेट कळत नाही, आणि बाहेर उभ्या असलेल्या तलाठ्याला ते कळूच नये. बातमीदार अनबाउंड आणि पॉवरडीएनएस रिकर्सर, पुढे डीएनएसडिस्ट. ॲक्टिव्ह डिरेक्टरीची नावं विंडोजकडेच राहू द्या. ती तिथून हलवण्यात ज्यांनी पौरुष दाखवलं त्यांचे हाल मी पाहिलेत. क्लस्टरच्या आत कोअरडीएनएस आहे, तो आहे तिथं ठेवा. झोन फायली गिटमध्ये, आणि टिंब व सिरीयल तपासल्याशिवाय एकही ओळ पुढं जाणार नाही. आणि लॉग. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानं लॉग १८० दिवस, तेही भारतात, ठेवावे लागतात. एवढ्या लोकांच्या प्रश्नांचा लॉग साध्या फाइलीत लिहायला गेलात तर सर्व्हर उत्तरं द्यायची सोडून कारकुनी करत बसेल, म्हणून डीएनएसटॅप लागेल आणि डिस्क लागेल. डिस्कची रक्कम ऐकून खरेदी विभागानं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे पाच सॉफ्टवेअर?” सल्लागारांनी विचारलं. “आम्ही एकच शोधतोय.”

काका एव्हाना निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी माणूस घेतलेला नाही. ती रक्कम डब्याच्या वार्षिक देखभालीत वळवली आहे. मी एकच विनंती केली की तक्त्यात आणखी एक ओळ घाला. ओळ ६५ : ‘रात्री दोन वाजता झोन फाइल कोण वाचणार?’ आढेवेढे घेत घातली. समितीनं आपल्या रकान्यात लिहिलं, ‘व्हेंडर’. तक्ता कम्प्लायन्ससाठी व्हेंडरकडे गेला, आठवड्यानं सही-शिक्क्यासह परत आला. चौसष्ट ओळींसमोर ‘होय’. पासष्टावीसमोर त्यांनी लिहिलं होतं, ‘ग्राहक’.